निरंकनाथांचा कोरा रकाना

गहिनीनाथ शिरसाटांना आम्ही पाठीमागे निरंकनाथ म्हणायचो. हे नाव मीच ठेवलं होतं. तोंडावर मात्र ‘नाथअण्णा’. आता ते हयात नाहीत, तेव्हा कबूल करायला हरकत नाही की त्या नावात माया कमी आणि वैताग जास्त होता.

१९७० साली माझी बदली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका तालुका कचेरीत झाली. मी राहात्याचा. आमच्याकडे पाटाचं पाणी, ऊस, पेरूच्या बागा. इकडे मात्र बघावं तिकडे माळ, आणि माळावर वारा. बदलीच्या हुकमात ‘प्रशासकीय सोयीसाठी’ असं लिहिलं होतं. कुणाची सोय, ते मला आजवर कळलेलं नाही. असा तोंड पाडून मी कचेरीत हजर झालो आणि मला टेबल मिळालं ते नेमकं नाथअण्णांच्या समोरचं.

अण्णा तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. सडपातळ, काळेसावळे, डोक्याला पांढरी टोपी, आणि बोलण्याआधी थोडं थांबायची सवय. हे थांबणं मला पहिल्या आठवड्यातच असह्य झालं. एखाद्याला ‘जेवलात का?’ विचारलं की तो ‘हो’ म्हणतो आणि विषय मिटतो. अण्णा जरा थांबत आणि म्हणत, “भाकरी खाल्ली. दुसऱ्या डब्यात भाजी असावी, उघडून पाहिलेली नाही.” अहो, मग उघडा की! पण नाही. जे पाहिलं नाही त्याबद्दल हा माणूस हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही.

त्यांचं काम तक्ते आणि पत्रकं तयार करण्याचं. गावोगावची माहिती यायची, ती मोठ्या कागदावर रकान्यारकान्यांत भरायची आणि वर पाठवायची. मीही तेच काम करायचो, फक्त तिप्पट वेगाने. माझं अक्षर वळणदार होतं आणि त्याचा मला गर्व होता. रिकामा रकाना दिसला की मी त्यात एक झकास आडवी रेघ ओढायचो. पहिल्यांदा अण्णांनी ती रेघ पाहिली तेव्हा कागद माझ्यासमोर ठेवून विचारलं, “रंगनाथराव, ही रेघ काय म्हणते?”

“काय म्हणणार? काही नाही म्हणते.”

“काही नाही असं म्हणते, की वरच्यासारखंच असं म्हणते? की तुम्ही पेन चालतंय का ते पाहिलंत?”

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी मला समजावलं, ते मला तेव्हा शुद्ध वेळ घालवणं वाटलं. ‘निरंक’ हा शब्द आहे, म्हणाले. तो लिहिला की आपण साक्ष दिली. कुणाला तरी विचारलं, आणि नाही असं उत्तर आलं. रकाना कोरा असला तर त्याचा अर्थ वेगळा, अजून विचारलेलं नाही किंवा विचारूनही कळलेलं नाही. “दोन्हीकडे कागद पांढराच दिसतो,” म्हणाले, “पण एकात उत्तर आहे आणि एकात नाही.”

आमच्याकडून दर महिन्याला वर एक तक्ता जायचा. त्यात कुठल्या जमान्यापासून कोण जाणे, एक रकाना चालत आला होता, ‘हिंस्र श्वापदांचा उपद्रव’. या तालुक्यात वाघ कुठला? ससा दिसला तरी माणसं चार दिवस त्यावर बोलायची. माझ्या आधीचा कारकून वर्षानुवर्षं डोळे मिटून ‘निरंक’ लिहीत आला होता. अण्णांकडे तक्ता आल्यावर मात्र बाजाराच्या दिवशी कचेरीत येणाऱ्या प्रत्येक कोतवालाला ते गंभीरपणे विचारायचे, “या महिन्यात जनावराचा काही त्रास?” कोतवाल तोंडाला टोपी लावून हसायचे. त्याच सुमारास मी त्यांना निरंकनाथ केलं. नाथांच्या मुलखात एक नाथ वाढला म्हणून सगळी कचेरी खूश झाली. पुढे एका महिन्यात एक म्हातारा कोतवाल म्हणाला, “आता इचारलंच हाय तर सांगतो. लांडग्यानं तीन मेंढरं नेली आमची. कुनी इचारतच न्हाई, मंग सांगावं कुनाला?” अण्णांनी लिहिलं, ‘लांडगा, मेंढ्या तीन.’ माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याबद्दल मी काही सांगत बसत नाही. खडी फोडायच्या कामावर अर्धा तालुका गेला, मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडी पोटात गेली, आणि आमच्या कचेरीत कागदांचा पूर आला. त्यातलंच एक ‘कुटुंब पत्रक’. कामावर येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची माहिती त्यात होती. अकरा रकाने. सातवा बाईच्या पतीच्या नावाचा, आठवा पती हयात की मयत याचा आणि शेवटचा, सगळ्यांत रुंद, शेऱ्याचा. शेऱ्याच्या रकान्यात कुणी काही लिहीत नसे. तो एवढा मोठा का ठेवलाय, असा प्रश्न मला पडायचा.

त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत अण्णा पुतणीच्या लग्नासाठी चार दिवस तिसगावला गेले आणि नेमकं तेव्हाच वरून परिपत्रक आलं. ‘एकही रकाना कोरा असलेले पत्रक स्वीकारले जाणार नाही.’ आमचे अव्वल कारकून, त्यांना आम्ही रावसाहेब म्हणायचो, घाबरट आणि मनाने बरे गृहस्थ होते. त्यांनी गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. “रंगनाथ, तुझा हात चालतो. उद्याच्या टपालाला गेलं पाहिजे.”

गेलं. एका दुपारात मी दीडशे पत्रकं हातावेगळी केली. जिथे पांढरं दिसेल तिथे ‘निरंक’. अक्षर इतकं सुरेख आलं होतं की रावसाहेबांनी चहा मागवला. करंजमाळ नावाच्या एका गावच्या पत्रकांत एक्केचाळीस बायांचे सातवा आणि आठवा असे दोन्ही रकाने कोरे होते. त्यांतही मी ‘निरंक’ लिहिलं. एक्केचाळीस बाया, आणि एकीलाही नवरा नाही, हे मला खटकायला हवं होतं. पण मी वाचतच नव्हतो, नुसता लिहीत होतो.

परिपत्रकातच पुढे म्हटलं होतं की यादीची एक प्रत गावात सगळ्यांदेखत वाचून दाखवावी. त्याप्रमाणे करंजमाळला चावडीवाचन झालं. ग्रामसेवकाने वाचलं, “छबूबाई पालवे, पती निरंक. राहीबाई पालवे, पती निरंक.” कुणीतरी विचारलं, निरंक म्हणजे काय? ग्रामसेवक म्हणाला, “म्हणजे नाही. शून्य.”

तिसऱ्या दिवशी सकाळी कचेरीच्या ओट्यावर पन्नासेक माणसं उभी. पुढे छबूबाईचा नवरा भीमा पालवे, छाती काढून. “भाऊसाहेब, मी शून्य व्हय? मंग ह्यो तुमच्याम्होरं हुबा हाय त्यो कोन?” मागून दुसरा ओरडला, “आमची बायकू म्हनती, कागदात न्हाईस, आता चूल बी न्हाई!” सगळे हसले. मीही हसलो. चूक कळली होती, पण ती गमतीची वाटत होती. अण्णा त्याच दिवशी लग्नाहून परत कामावर आले होते. ते दारात उभे राहून ऐकत होते.

गर्दी हसून मोकळी झाली तेव्हा मागे दाराच्या चौकटीला धरून उभी असलेली एक बाई पुढे आली. तिशीची असेल. उन्हाने रापलेली, हाताला खडीच्या जखमा, कपाळाला ठसठशीत कुंकू.

“ह्यांचं ठीक हाय भाऊसाहेब,” ती म्हणाली. “ह्ये हितं हुबे हायती, कुनी बी बघंल. माजं काय? कागदात न्हाई म्हनलंय, अन् मानूस बी गावात न्हाई. वस्तीवरच्या बाया म्हनत्यात, आता सरकारानंच लिव्हलं, आता तरी पूस.”

भीमा खाली बघत म्हणाला, “माजी भावजय हाय. लंकाबाई.”

तिने आवाज चढवला नव्हता. एवढंच म्हणाली, “कागद बदला. न्हाईतर मला पुसावं लागंल.” आणि उत्तराची वाट बघत तिथेच उभी राहिली. मी आयुष्यात बऱ्याच चुका केल्या, पण माझ्या वळणदार अक्षराने एखाद्या बाईच्या कपाळाला हात घातला असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

अण्णांनी पत्रकाची कचेरीतली प्रत मागवली, पाहिली. “हे कुणी लिहिलं?”

“मी,” मी म्हणालो.

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते एवढंच म्हणाले, “उद्या सकाळी सायकल घेऊन या.”

करंजमाळचं काम आठ मैलांवर. पुरुष पलीकडच्या नाल्यावर मातीकामाला, बाया इकडे खडी फोडत बसलेल्या. अण्णांनी एका सपाट दगडावर कोरी पत्रकं मांडली आणि मला लिहायला बसवलं. विचारलं आणि लगेच कळलं की ग्रामसेवकाने रकाने का सोडले होते. बायांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. लग्नात उखाण्यातून घेतलं तेवढंच. ग्रामसेवकाने विचारल्यावर बायांनी पदर तोंडाला लावला आणि तो ‘मागाहून विचारू’ म्हणून पुढे गेला. ते मागाहून म्हणजे मी.

“नाव घेऊ नका,” अण्णा म्हणाले. “खूण सांगा, आम्ही ओळखतो.”

मग काय, हातोड्या थांबल्या आणि बाया सुटल्या. छबूबाई म्हणाली, “गदा घेतो त्यो.”

“मारुती,” मी लिहायला लागलो.

“अगं बया! त्यो तर लगीनच करीत न्हाई!” सगळ्या खिदळल्या. “आवो, पाच भावांतला! लई खानारा!”

मी भीमा लिहिलं. राहीबाई म्हणाली, “किस्नाच्या हातात असती ती.”

“मुरली!”

“मुरली बाईमानूस असती, भाऊसाहेब. जेजुरीला जाऊन बघा.”

“बन्सी,” अण्णा हळूच म्हणाले, आणि राहीबाईने मान हलवली. एक्केचाळिसातल्या चाळीस बायांचे चाळीस नवरे असे आम्ही दोन तासांत कागदावर परत आणले. दुष्काळात मी एवढा हसलो असा दुसरा दिवस मला आठवत नाही.

लंकाबाई कडेला बसून खडी फोडत होती. ती उठून आली नाही. अण्णा तिच्यापाशी गेले, समोर उकिडवे बसले. मी कागद घेऊन मागे उभा.

“मढीच्या गडावर कोन हाय?” ती हातातलं काम न थांबवता म्हणाली.

“कानिफनाथ,” अण्णा म्हणाले. मी सातव्या रकान्यात लिहिलं, कानिफनाथ मारुती पालवे. बापाचं नाव भीमाच्या पत्रकात आलेलंच होतं. आता आठवा. मी तोंड उघडणार तोच अण्णांनी हाताने मला थांबवलं.

“शेवटचं कधी पाहिलंत?”

तिने सांगितलं. एकोणसत्तरच्या दिवाळीनंतर टोळी ऊसतोडीला निघाली. दरवर्षी दोघं जायची. त्या साली सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती मागे राहिली आणि तो एकटा गेला. कोल्हारकडे टोळी होती. माघाच्या सुमारास मुकादमाशी त्याची बाचाबाची झाली आणि दुसऱ्या दिवशी तो बाजाराला जातो म्हणून गेला. परत टोळीवर आला नाही, गावीही आला नाही. भीमा दोनदा जाऊन शोधून आला. सासू त्याची वाट बघत वारली. तीन वर्षं झाली होती.

“मेला म्हनून कुनी सांगितलं न्हाई,” लंकाबाई म्हणाली. “हाय म्हनून बी कुनी सांगितलं न्हाई. मी न बघता काय सांगू? अन् तुमी तरी काय लिवनार?”

“काहीच नाही,” अण्णा म्हणाले.

“म्हंजी पुन्हा न्हाईच?”

“नाही असंही लिहिणार नाही. जागा ठेवणार. कळेल तेव्हा भरू.”

तिने पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे नीट बघितलं. “आसं चालतं व्हय?”

अण्णा थांबले. “चालतं की नाही ते अजून विचारलेलं नाही,” म्हणाले.

कचेरीत ते चालण्यासारखं नव्हतं. रावसाहेबांनी पत्रक बघून कपाळाला हात लावला. “शिरसाट, बाईला मदतच करायची ना? मयत लिहा. तीन वर्षं माणूस येत नाही म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. नसेल जमत तर हयात लिहा. तेही नको असेल तर निरंक होतंच. पण कोरा सोडू नका, परिपत्रक आहे! आणि मला सांगा, कोरा काय आणि निरंक काय, फरक काय पडतो? दोन्हीत काही नाहीच.”

अण्णांनी विचारलं, “रावसाहेब, तुमच्या शेतातल्या विहिरीला पाणी किती?”

“निरंक. कोरडी ठाक आहे. परवाच बघून आलो.”

“आणि माझ्या विहिरीला?”

“मला काय माहीत? मी कुठे पाहिलीय तुमची विहीर!”

“मग तिथेही लिहा निरंक.”

रावसाहेबांनी पत्रक अण्णांकडे सरकवलं. मग चिडून म्हणाले, “काय करायचं ते करा. सही तुमची.”

अण्णांनी आठवा रकाना कोरा ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला त्या रुंद शेऱ्याच्या रकान्याचा उपयोग दिसला. त्यांनी मला बाजूला सारून स्वतःच्या हाताने लिहिलं. अक्षर काही वळणदार नव्हतं. मजकूर मला पाठ आहे. ‘रकाना क्रमांक आठ कोरा आहे तो नजरचुकीने नव्हे. समक्ष विचारणा केली. पती सन १९६९ चे हंगामात ऊसतोडीस गेले, ते परत आलेले नाहीत. मयत झाल्याचे कोणी पाहिलेले नाही. हयात असल्याचे कोणी पाहिलेले नाही. सबब मयत, हयात अगर निरंक यांपैकी काहीही लिहिणे खोटे होईल. माहिती मिळताच रकाना भरण्यात येईल.’

पंधरा दिवसांनी पत्रक परत आलं. लाल पेन्सिलीने लिहिलेलं, ‘रकाना ८ कोरा. पूर्तता करावी.’ अण्णांनी खाली लिहिलं, ‘शेरा पाहावा,’ आणि परत धाडलं. पुन्हा आलं. पुन्हा धाडलं. रावसाहेबांनी आठवडाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. मी मधल्यामध्ये अवघडून बसायचो, कारण मुळात हे सगळं माझ्या हातून झालं होतं आणि बोलणी अण्णा खात होते. एकदा न राहवून म्हणालो, “अण्णा, माझ्या नावावर टाका ना. माझी चूक आहे.” ते म्हणाले, “चूक तुमची होती. कोरा रकाना माझा आहे.” तिसऱ्यांदा पत्रक परत आलं नाही. ते मंजूर झालं की वरच्या कुठल्या गठ्ठ्यात हरवलं, हे विचारूनही कळलं नाही. बघा, मलाही त्यांची सवय लागली.

गावात दुसऱ्यांदा चावडीवाचन झालं तेव्हा अण्णा स्वतः वाचायला गेले. चाळीस नवरे हजर झाले, टाळ्या पडल्या. लंकाबाईचं नाव आलं आणि अण्णांनी सगळा शेरा संथपणे, एक अक्षर न गाळता वाचला. वस्तीतली कडूबाई नावाची म्हातारी, जिच्या शब्दाबाहेर बाया जात नसत, ती म्हणाली, “आवो पर, म्हंजी बाईनं करायचं काय?”

“सरकारला ठाऊक नाही, आजी,” अण्णा म्हणाले. “ज्याला ठाऊक असेल त्याने पुढे येऊन सांगावं.”

कुणी पुढे आलं नाही. म्हातारी म्हणाली, “सरकाराला ठावं न्हाई, तर आमाला तरी कुठनं?” त्यानंतर वस्तीवर लंकाबाईला कुणी काही पुसायला सांगितलं नाही.

दुष्काळ सरला. कामं बंद झाली. कुटुंब पत्रकांची योजना गुंडाळली गेली आणि आमच्याकडच्या प्रती लाल रुमालात बांधून मागच्या खोलीत गेल्या. मीही बदललो म्हणे. रावसाहेब तक्रार करायचे की रंगनाथचा हात आता पहिल्यासारखा चालत नाही. खरं होतं. रिकामा रकाना दिसला की मला विचारावंसं वाटायचं, आणि विचारायला वेळ लागतो.

१९७४ च्या मार्गशीर्षातली गोष्ट. बाजरीची रास घरात येऊन लोक जरा सैलावले होते. दुपारी कचेरीत आम्ही तिघंच, मी, अण्णा आणि रावसाहेब. लंकाबाई दारातून सरळ आत आली. एकटीच होती. अण्णांच्या टेबलापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊसाहेब, कानिफनाथ मारुती पालवे. लिवा.”

मी नाव ऐकलं आणि माझं पेन थांबलं. रावसाहेबांनीही मान वर केली. ती नाव घेत होती. खणखणीत, पूर्ण नाव.

अण्णा उभे राहिले. हा माणूस साहेबासाठीसुद्धा घाईने उठत नसे.

“आता घ्यायला भ्या न्हाई,” ती म्हणाली. “आता त्येंचं आयुष्य कमी व्हायचं न्हाई.”

सांगलीकडच्या एका टोळीत काम केलेला एक माणूस आदल्या दिवशी गावात आला होता. कानिफनाथ मुकादमाच्या भीतीने तिकडे गेला होता. दुसऱ्या हंगामात तापाने फडावरच गेला. त्याला अग्नी देणाऱ्यांत हा माणूस होता. गाव कुठलं ते मरणाऱ्याने एकदाच सांगितलं होतं, ते विचारत विचारत यायला याला इतकी वर्षं लागली. माणूस आधी तिला शेतावरच भेटला होता.

“वस्तीवर अजून कुनाला सांगितलं न्हाई,” लंकाबाई म्हणाली. “तुमी जागा ठिवली हुती. म्हनून आदी हितं आले.”

रावसाहेब हिशेब करत होते. बहात्तर सालच्या आधीच माणूस गेलेला होता. ते हळू आवाजात म्हणाले, “शिरसाट, म्हणजे मी म्हणत होतो तेच खरं होतं की.”

“खरं होतं, रावसाहेब,” अण्णा म्हणाले. “पण ते तुम्हाला ठाऊक नव्हतं.”

रावसाहेबांनी मान डोलावली. योजना बंद झाली, कागदाला आता काही किंमत नाही, असं ते म्हणाले असते तर नियमाला धरूनच झालं असतं. ते उठले, मागच्या खोलीची किल्ली अण्णांच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले.

अण्णांनी गाठोडं आणलं, लाल रुमाल सोडला, करंजमाळचं पत्रक काढून माझ्यापुढे ठेवलं. “रंगनाथराव, तुम्ही लिहा,” म्हणाले. “नीट लिहा.”

मी आठव्या रकान्यात ‘मयत’ लिहिलं. तीन अक्षरं लिहायला मला दीडशे पत्रकांपेक्षा जास्त वेळ लागला असेल. लंकाबाई वाकून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं.

“वाचून दावा,” ती म्हणाली.

अण्णांनी वाचलं. तिचं नाव, त्याचं नाव आणि पुढचा शब्द. ती सगळं ऐकेपर्यंत तशीच उभी होती. मग तिने पदराचं टोक धरलं आणि कपाळ पुसलं. एकदा, मग पुन्हा एकदा, जसं लेकराचं तोंड पुसावं तसं सावकाश. तिला कुणी धरलेलं नव्हतं, आणि पूस म्हणून कुणी सांगितलेलंही नव्हतं. मी रडलो. अण्णांनी टोपी काढून टेबलावर ठेवली होती आणि ते कागदाकडे बघत होते.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “प्यायला पानी हाय का?”

मी उठलो आणि माठातलं पाणी आणून तिला दिलं.